दोष पाऱ्याचा

६ जानेवारी, मंगळवार
लीला दिवाळीपासून मंजिरीकडे पुण्यालाच आहे. जाताना म्हणाली होती, तुमच्या चिडचिडीला कंटाळले बाई, लेकीकडे जरा श्वास घेते. आज मोबाइलवर वाचलं की पाऱ्याच्या वाफेनं माणूस चिडचिडा होतो, हात थरथरतात. अरे देवा! म्हणजे मी नाही, पारा! कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्येच माझी आजवरची सगळी नोकरी झाली. थर्मामीटर फुटले, पारा फरशीच्या फटींत गेला, आम्ही वर गंधक टाकून मोकळे. आता हवा मोजून घ्यायची. रिपोर्ट लीलाला पाठवायचा. होळीला ती घरी.

९ जानेवारी
प्रिन्सिपलांना पटवलं. एकदाच ओरडलो. पाऱ्यामुळे.

१२ जानेवारी, सोमवार
मुरार भागातल्या तपासणी कंपनीतून गरिमा नावाची मुलगी हवेतला पारा मोजायचं मीटर घेऊन आली. पाहुणी येणार म्हणून सकाळीच लॅब आवरली, सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे सोडले. पाटणकर बाजारातून तीळगुळाची खुसखुशीत गजक आणली. किती दिवसांनी कुणीतरी समोर बसून माझ्याशी बोललं! बरं वाटलं.
आकडा नगण्य. गरिमा कुडकुडत म्हणाली, अंकल, इतनी ठंड में खिड़कियाँ किसने खोलीं? दौलतसिंह शिपायानं माझ्याकडे बोट दाखवलं. चुगलखोर कुठला! त्याला चांगला झापला. हेही पाऱ्यामुळेच.

१५ जानेवारी, संध्याकाळ
खिडक्या कालपासून बंद, हीटर चालू. गरिमा पुन्हा मोजायला मास्क लावून आली. आकडा मर्यादेच्या तिप्पट! जितं मया! ती घाबरली, मी टाळ्या वाजवल्या. गजक पुढे केली तर म्हणाली, यहाँ कुछ मत खाइए, बाहर चलिए. लगेच गेलीसुद्धा.
रिपोर्ट लीलाला पाठवला. उद्या तिकीट काढायला सांगतो.

१६ जानेवारी
लॅबला सील. मला घरी बसायला सांगितलंय. रिपोर्टवर निळ्या टिक आल्यात, म्हणजे पाहिलाय; उत्तर नाही. लीला बॅग भरत असेल.

१७ जानेवारी
लीलाचा मेसेज आला. डॉक्टरांना दाखवा म्हणते, स्वेटर घाला म्हणते. आणि म्हणते, तुम्ही लॅबला लागलात ते मंजिरी झाल्यावर. आपल्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पातळ म्हणून आचाऱ्यावर वाटी भिरकावलीत, तेव्हा कुठला पारा होता?
येण्याबद्दल काही नाही.
दौलतसिंहाला चहाला बोलवावं म्हणून फोन केला. उचलला नाही. घर खायला उठतं. गजक तशीच पडलीय, एकट्यानं खाववत नाही.

त्याच दिवशी, रात्री
मठ्ठा पातळच होता पण.