मोजेवाले भाऊ

१२ जानेवारी

पुन्हा तीच घूंऽऽ! गिटारच्या तारांना हात लावलेला नाही आणि अँप मात्र जुन्या फ्रीजसारखा गुरगुरतोय. वायर बदलली, प्लग बदलला, अँपला एक चापटही मारून पाहिली. ढिम्म.

शेवटी मोबाइल खुर्चीच्या पायाशी टेकवला आणि पायानं दाबायची पेडल कशी जोडलीत ते चित्रित केलं. एक आवाज फाडणारं, एक तोच सूर परत परत ऐकवणारं, एक आवाज मोठ्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवणारं. खाली करडं ब्लँकेट, घसरू नयेत म्हणून. घूं झाल्यावर दोन मिनिटं वाजवलंही. गिटारवाल्यांच्या एका साइटवर टाकलं: ही घूं कुठून येते?

हे म्हणाले, "कोण सांगणार तुला? लोकांना काय कामं नाहीत का?"

१५ जानेवारी

लोकांना खरंच कामं नाहीत. उत्तरांचा पाऊस! कोणी म्हणतं अँप जुना, कोणी म्हणतं घराची वायरिंग. एकजण स्वतः पेडल बनवून विकतो. त्यानं नीट लिहिलं: "भाऊ, तिन्ही पेडलना एकाच अडॅप्टरमधून वीज देताय. वेगवेगळी द्या. आणि भाऊ, शेवटी जे वाजवलंत ते काय होतं?"

भाऊ! व्हिडिओत दिसतात ती फक्त पेडल आणि माझे पाय. पायांत ह्यांचे लोकरीचे मोजे. पेडलचं स्टीलचं बटण अनवाणी तळव्याला टोचतं आणि चप्पल घातली की बटण कळत नाही, म्हणून मोजे. उजव्या अंगठ्याशी भोक आहे.

ह्यांना वाचून दाखवलं. हसून हसून ठसका लागला.

२० जानेवारी

घूं गेली. पेडलवाले साहेब बरोबर होते.

आभार मानायला आणखी एक तुकडा वाजवून टाकला. भाऊ नाही, बाई आहे, असं लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, विचारलंय कोणी?

४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. नोकरी बरी चालली आहे. स्वयंपाकाचा कंटाळा येतो म्हणाली. मी म्हटलं, मलाही येतो.

गिटार तिचीच. कॉलेजात बँड होता, तो मोडला. दुसऱ्या शहरात विमा कंपनीत नोकरी लागली तेव्हा अँप आणि गिटार इथे ठेवून गेली. "मी आता नाही वाजवणार आई, पण विकू नका." विकली नाही. पुसायला म्हणून बाहेर काढली, ती बाहेरच राहिली. पेडल मात्र मी नंतर एकेक करून घेतली. लहानपणी तिला क्लासला सोडायचे आणि बाहेर बाकावर बसून ऐकायचे, तेव्हापासून कुठे काय येतं ते कानांना माहीत होतंच. बोटं घरी शिकली. वाजवते हे तिला सांगायचं राहिलं. मग राहूनच गेलं.

१९ फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानात गेले होते. पेडलच्या काचेच्या कपाटाशी उभी राहिले की दुकानदार दरवेळी विचारतो तसं आजही विचारलं, "मुलासाठी?"

"हो."

"त्याला सांगा, हे घेण्याआधी वाजवून बघावं लागतं. नुसतं नेऊन उपयोग नाही."

"सांगते," म्हटलं.

६ मार्च

रविवारी सकाळी एक व्हिडिओ, असं आपोआप ठरून गेलं. चॅनेलला नाव द्यावं लागतं म्हणून 'ब्लँकेट' दिलं. हे म्हणाले, "फोटो टाक, चेहरा टाक, लोक वाढतील." चेहऱ्याचा आणि आवाजाचा काय संबंध?

लोक तरी वाढतातच आहेत. मी जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाला उत्तर देते, हात स्वच्छ धुऊन, नाहीतर मोबाइलला मेण लागतं. आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे. पॉलिशचं चाक फिरतं तेव्हा त्याचा एक सूर लागतो, त्यावर मनातल्या मनात दुसरा सूर बसवायचा. माझे निम्मे तुकडे तिथेच तयार झालेत.

एका नर्सनं लिहिलं, ड्यूटीवरून परत येताना बसमध्ये ऐकते. एकानं लिहिलं, भाऊ तुमचा ठेका मधेच लंगडतो. खरं आहे. लंगडतो. त्याला लिहिलं, "पाय दोन, पेडल तीन." ते वाक्य लोकांना वाजवण्यापेक्षाही जास्त आवडलं! आता सगळे 'मोजेवाले भाऊ' म्हणतात.

२१ मार्च

लेकीचा फोन. एकदम उसळलेला आवाज. पुष्कळ दिवसांनी.

"आई, एक लिंक पाठवलीय. तुला कदाचित नाही कळणार, पण ऐक. एक माणूस आहे, नुसते पाय दिसतात त्याचे. घाई नाही, दाखवणं नाही. आम्ही बँडमध्ये जे करायला धडपडत होतो ना, ते हा बसल्या बसल्या करतो!"

"बरं."

"ऐकशील ना पण? नाहीतर तू नुसती बरं म्हणतेस."

"ऐकेन."

"आणि आई, माझी गिटार आहे ना नीट? पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जाते. या माणसानं परत वेड लावलंय मला."

लिंक उघडली. माझेच मोजे.

२२ मार्च

सांगितलं नाही.

२३ मार्च

हे म्हणतात, सांगून टाक, पोरगी आनंदानं नाचेल.

मी म्हटलं, "तो माणूस कोणी परका आहे म्हणून तिला वाजवावंसं वाटलं. आई आहे म्हटल्यावर काय होईल? आईच्या हातचं कोणी कौतुकानं बघतं का? आणि तिला वाटेल, मी सोडलं तेच आईनं उचललं."

"मग गिटार देणार?"

"तिचीच आहे."

"आणि तू?"

मी भांडी घासत होते. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३० मार्च

पेडलवाल्याचा निरोप. त्याच्या वर्कशॉपमध्ये कार्यक्रम ठेवतोय, वीस एप्रिलला. ऐकणारी मंडळी लांबून येणार. "भाऊ, तुमच्यासाठी एक पेडलही बनवतोय. या एकदा. किती दिवस पायच बघायचे?"

वीस एप्रिल. तोवर गिटार गेलेली असेल.

हो म्हणून कळवलं. का, ते ठाऊक नाही. हात दाखवून अवलक्षण!

११ एप्रिल

लेक आली. पेडल आणि ब्लँकेट कालच पलंगाखाली सरकवली. मोजे धुऊन ह्यांच्या कप्प्यात.

बॅग टाकली आणि आधी गिटारच काढली.

"तारा नव्या कशा?"

"गंजल्या होत्या. बदलून घेतल्या."

खोटं नाही. पण अर्धंच.

दुपारी हॉलमध्ये बसून तिनं माझाच तुकडा वाजवायला घेतला, फेब्रुवारीतला. मी दारात उभी होते, हातात घड्या घालायचे कपडे. चांगली वाजवते अजून. माझ्याहून जलद. पण मधल्या उतरणीला दरवेळी अडकायची. चौथ्यांदा अडकली तेव्हा म्हणाली, "हा इथे काय करतो कोण जाणे! बोटं पुरतच नाहीत माझी."

बोटं पुरतात. मधली तार सुटीच वाजू द्यायची, दाबायचीच नाही. मी ते तोंडापर्यंत आणलं. गिळलं. हातातल्या उशीच्या अभ्र्याची चारदा घडी घातली.

"तू ऐकलंस का गं त्याचं?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

"ठेका लंगडतो."

"आई! तो मुद्दाम तसं करतो. तुला नाही कळायचं."

हे पेपरामागे खोकले.

१३ एप्रिल

गेली. गिटार खांद्याला, अँप टॅक्सीच्या डिकीत. वळणावरून हात केला तिनं.

१४ एप्रिल

लॅबमध्ये एक कवळी बिघडवली. वरचे पुढचे दात कणभर तिरके बसले. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्याकडून? बरं नाही का?" म्हटलं, झोप झाली नाही. मेण वितळवून पुन्हा लावले.

चाकाचा सूर रोजचाच होता. त्यावर दुसरा लागला नाही.

१६ एप्रिल

वाद्यांचं दुकान. दुकानदार, "मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

आवाज जरा मोठा निघाला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही, हसला नाही. भिंतीवरच्या गिटारी एकेक काढून देत गेला. पहिलीची मान जाड. दुसरी दिसायला देखणी, आवाज पत्र्याचा. तिसरी वापरलेली, रंग कोपऱ्यात उडालेला. ती मांडीवर घेतली आणि हात आपसूक पडला. किती वेळ वाजवलं कळलं नाही. मान वर केली तेव्हा त्यानं दुकानातला रेडिओ बंद केलेला होता.

"उभं राहून वाजवता की बसून?" त्यानं विचारलं. "पट्टा त्या मापाचा देतो."

तिचे हप्ते फेडायला लॅबमध्ये जादा कवळ्या मागून घ्याव्या लागतील काही महिने. घेईन.

२० एप्रिल

कार्यक्रम झाला.

पेडलवाल्याचं वर्कशॉप म्हणजे गॅरेजच. टेबलं भिंतीला सरकवलेली, सोल्डरचा वास, मध्ये खुर्च्या. पेडलवाला गोल चेहऱ्याचा, घामाघूम. आम्ही आत शिरलो, मी पुढे, हे मागून उसना अँप घेऊन धापा टाकत. तो माझ्या शेजारून तडक गेला आणि ह्यांना मिठीच मारली, अँपसकट!

"भाऊ! अखेर दर्शन दिलंत!"

खुर्च्यांवरची माणसं उठली. ह्यांच्या भोवती गर्दी. कोणी हात मिळवतंय, कोणी सेल्फी घेतंय. ह्यांना बोलायलाच मिळेना. शेवटी अँप खाली ठेवून म्हणाले, "अहो, थांबा जरा. माझे फक्त मोजे आहेत."

मी तोवर खाली बसून पेडल जोडायला लागले होते. चप्पल काढली, मोजे चढवले. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं आधी पाय पाहिले, मग चेहरा. बसमध्ये ऐकणारी तीच नर्स, नंतर कळलं. तिनं शेजारणीचा दंड धरला. मग खोलीभर ते पसरत गेलं — एकेकाची नजर खालून वर. पेडलवाल्याचं तोंड उघडंच.

खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतली. वाजवायला लागले.

पहिला तुकडा थरथरला. दुसऱ्यापासून बरं. पेडलवाल्यानं बनवलेलं नवं पेडल वापरलं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. ठेका नेहमीच्या जागी लंगडला आणि मागून कोणीतरी खुशीत हसलं. त्यानंतर मला कोणी दिसलंच नाही.

वाजवून झाल्यावर पेडलवाला आला. कान लाल. "ताई, मी इतके महिने तुम्हाला भाऊ भाऊ करत होतो!"

"घूं तर घालवलीत ना," म्हटलं.

पुष्कळांनी चित्रण केलं होतं. टाकू का, विचारत होते. चेहरा दिसतोय त्यात. टाका म्हटलं. परक्याकडून तिला कळण्याआधी कळवावं म्हणून गाडीतून लेकीला एक ओळ लिहिली: ते पाय माझे आहेत.

२१ एप्रिल

काहीजण चॅनेल सोडून गेले. एकानं लिहिलं, फसवणूक. मी कधी म्हटलं होतं भाऊ आहे म्हणून? त्यालाही उत्तर दिलं, रोजच्यासारखं. काही नवे आले. हिशेब सारखाच.

लेकीचा फोन नाही. तिनं वाचलंय, एवढं दिसतं.

२२ एप्रिल

नाही.

२३ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत फोन आला. चिडली खूप, रडली थोडी, "लंगडतो म्हणालीस!" म्हणून मधेच हसलीही. मग तिच्या आवाजात कधी न ऐकलेलं काहीतरी — चाचरत, परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं:

"पुढच्या कार्यक्रमात, तुझ्याआधी... मला वाजवू देशील?"

आईनं लगेच हो म्हटलं असतं.

"आधी ऐकव," म्हटलं. "मग ठरवते."