मापवहीतलं निळं टिंब

प्रिय आत्या,

तू गेलीस त्याला दीड वर्ष झालं आणि मी तुला आज पहिल्यांदा लिहितेय. खरं सांगू? लिहायला बसले होते भांडायला. चार ओळी लिहिल्या, फाडल्या. आता भांडण उरलं नाही, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय जेवण जाणार नाही.

झालं असं, की शुक्रवारी एका संस्थेचे गृहस्थ माझ्या यवतमाळच्या ऑफिसात आले. आपल्या भागातल्या शाळांत गणवेश वाटायचे म्हणतात. भला माणूस. माझं शिलाईच्या दुकानांसाठीचं सॉफ्टवेअर कसं चालतं, विचारत होते. मग काय, तुझी भाची सुटली! बढाई मारता मारता मी त्यांना ती चौकट दाखवली आणि तिचा अर्थही सांगितला. मुलाच्या नावापुढची, बिननावाची. ते एकदम सरसावून बसले. "मॅडम, म्हणजे गरजू मुलं कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे! यादी द्या. स्टेजवर बोलावून गणवेश देऊ, फोटो काढू, तुमचंही नाव बॅनरवर टाकू."

मी हो म्हणाले, आत्या. सोमवारी देते म्हणाले.

तुला दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. पण मनात म्हटलं, काळ बदलला, आणि लेकरांना फुकट कपडे मिळणार असतील तर आत्या कशाला रागावेल? माणूस स्वतःची समजूत किती पटकन काढतो!

तुला तो पहिला कॉम्प्युटर आठवतो? मी यवतमाळहून कोर्स करून आले होते आणि नोकरी कुठे मिळत नव्हती. मारेगावच्या बसस्टँडमागे तुझं दुकान, पाच मशिनी, तीन शाळांचे गणवेश. तूच म्हणालीस, "सुषे, नोकरी भेटतवरी माह्यं दुकान घे. चुकलं तं घरातच चुकीन." मग तो जुना कॉम्प्युटर काउंटरवर आला. तू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिलीस. "काहून वं, येवढ्याश्या पेटीत माह्ये समदे पोट्टे बसतीन काय?"

बसवले मी. जून लागला की तुझ्या मापवह्यांत नाव शोधता शोधता बायांच्या माना दुखायच्या. एका शाळेत चार पूजा, एकीचं माप दुसरीला जायचं. मी तीन आठवडे बसून वह्यांतले सगळे आकडे भरले. नावाची दोन अक्षरं टाकली की माप हजर! तू टाळी वाजवलीस. "अवं माय, सापडली बी!" त्या टाळीवर मी अजून जगते आहे.

पण मी फक्त आकडेच भरले ना. काही नावांपुढे निळ्या शाईचं टिंब होतं. मला वाटलं, पेन चालतं का ते बघितलं असेल, नाही तर शाई सांडली असेल. एवढी शिकलेली मुलगी, पण तुला एका शब्दानं विचारलं नाही.

त्याच जूनमध्ये तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तू वणीला आठ दिवस. नेहमी कापणं तुझ्याच हातचं, बाकीच्या शिवायच्या. त्या वेळी पहिल्यांदा शिवणाऱ्यांतल्या नंदाताईनं माझ्या छापील कागदावरून कापलं. साठ स्कर्ट, सगळे बरोब्बर मापाचे. मी तर खुशीत होते.

तू काळा चष्मा लावून परत आलीस. नीट दिसत नव्हतं, म्हणून वरचा एक स्कर्ट उचलून खालची दुमड बोटांनी चाचपलीस. मग दुसरा. मग तिसरा.

"सुषे, यातलं कापड कुठी गेलं वं?"

मी तोऱ्यात म्हणाले, मापात आहे, एक सूतही वाया नाही गेलं. तू खाली बसलीस. मला वाटलं, आता फटके. त्याऐवजी तू मला टिंब समजावून सांगितलंस. "ज्या घरी पुढच्या साली नवा होणार नाई, त्याले टिंब. त्याच्या दुमडीत चार बोटं जास्त ठेवाचं. लेकरू वाढलं की उसवून लांब करता येते."

"पण तुला कळतं कसं? बाया सांगतात?"

"कायले सांगतीन? माप घेताना आपण मायच्या तोंडाकडे नाई पाहाचं. तिच्या टेप धरलेल्या हाताकडे पाहाचं. स्कर्ट लांब निघावा म्हून ती टेप खाली खाली ओढून राह्यली तं समजून घ्याचं, अन् टिंब द्याचं. बस."

कापूस बुडाल्याची ती वर्षं तुला सांगायला नकोत. त्या साली निम्म्या वहीवर टिंबं होती. शाळा उघडायला सहा दिवस उरले होते आणि माझ्या हुशारीनं तेवढ्या आयांचं पुढचं साल कापून टाकलं होतं. मी चिडले, उलट तुझ्यावरच. मला आधी सांगायचं नव्हतं का? तू शांतपणे म्हणालीस, "तू इचारलं कुठी?"

तेवढंच बोललीस. नंतर आयुष्यात एकदाही टोमणा मारला नाहीस. एखादा तरी मारायचास गं, मला बरं वाटलं असतं.

उपायही तूच काढलास. टिंबवाल्या स्कर्टांना खालून कापड जोडायचं आणि जोड दिसू नये म्हणून वरून पांढरी फीत. मी विचारलं, फीत तेवढ्यांनाच लावायची ना? तुझा आवाज त्या आठवड्यात तेव्हा एकदाच चढला. "काहून? गावाले दवंडी द्याची हाये काय? लावाची तं समद्याईले!"

साठच्या साठ स्कर्टांना फीत लागली. मीसुद्धा तुरपाईला बसले, बोटं टोचून घेतली. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा गणवेश झोकात दिसतोय. तू काळ्या चष्म्याआडून हसलीस. फिती लावताना मी म्हटलं होतं, आत्या, माझ्याही शाळेच्या स्कर्टला अशी फीत असायची ना? तू म्हणालीस, "तुले शोभत होती." आणि विषय बदललास.

मग मी सॉफ्टवेअरमध्ये टिंबासाठी चौकट केली आणि तिच्यावर नाव दिलं, 'गरीब'. आठवतं? नवीन चष्म्यातून तू ते वाचलंस आणि पडद्यावर बोट आपटलंस. "हे काय लेह्यलं? पुस!" नाव द्यायचं नाही. पावतीवर यायला नको. टिंब दिलं की कापण्याच्या कागदावर दुमड तेवढी वाढावी, बाकी कुणाला काही कळू नये. "अन् यादी नाई काढाची. मी मांगतली तरी देऊ नोको." मी हो म्हणाले. तो माझा शब्द.

त्या सहा दिवसांनी मला माझा धंदा शिकवला, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. लोकांना वाटतं, मी कोर्सवर पोट भरते. तसं नाही. कुणाही दुकानासाठी एक ओळ लिहायच्या आधी मी तिथे आठ दिवस स्टूल टाकून बसते. बोरी अरबला एक मिरची कांडपवाली आहे. गाठ उलटी मारलेली पिशवी दिसली की ती तिखट जाडं काढते. तिनं हे मला सांगितलं नव्हतं, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी पाचव्या दिवशी गाठीबद्दल विचारलं तेव्हा ती चकित झाली. "तुमाले कोणं शिकवलं हे?" मी म्हटलं, माझ्या आत्यानं. तुझं नाव अशा किती दुकानांत घेतलं असेन!

तर काल रविवार. तुझं दुकान आता नंदाताई चालवते. तिनं ते रंगवायला काढलंय, म्हणून तुझ्या जुन्या मापवह्या पोत्यात भरून माझ्याकडे पाठवल्या. त्यात ती हिरव्या बांधणीची निघाली. आपण टिंबं भरायला बसलो तेव्हा तू ती मांडीखाली सरकवली होतीस. "हे राहू दे, जुनी हाये."

उघडली. सुषमा, पाचवी. टिंब. सुषमा, सहावी. टिंब. सातवी, आठवी, नववी, दहावी.

आत्या, मी एकेका टिंबावर बोट ठेवून पाहिलं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते. जिनिंग कधी दोन महिने चालायची, कधी अख्खा हंगाम गेटला कुलूप असायचं. हे मला मोठेपणी कळलं, तेही उडत उडत. लहानपणी मला एवढंच माहीत होतं, की दर जूनला आत्या मला नवाकोरा स्कर्ट देते आणि त्याला वर्गात कुणाला नाही अशी फीत असते. फीत दर दोन वर्षांनी एक वाढायची! दहावीत तीन होत्या, हवालदारासारख्या. मी काय मिरवायचे! दोन मुलींनी तर आयांकडे हट्ट करून तुझ्याकडून फिती लावून घेतल्या. तो नवाकोरा स्कर्ट जुनाच होता आणि प्रत्येक फितीखाली उसवलेल्या दुमडीची रेघ होती, हे मला चाळिशीत कळतंय.

आणि भांडायला बसले ते यावरूनच. मला का नाही सांगितलंस? निदान साठ स्कर्ट चुकले तेव्हा तरी? मग कळलं. तू माझ्यासमोरसुद्धा माझी यादी काढली नाहीस.

एकच विचारायचं होतं. आईनं टेप कुठे धरला होता गं?

आज सकाळी त्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, यादी मिळणार नाही. कापड द्यायचं असेल तर ताग्यानं दुकानात नेऊन द्या, ते योग्य मुलापर्यंत जाईल. ते जरा नाराज झाले. "पण मग फोटो कसा होणार?" मी म्हटलं, होणार नाही. दहावीतल्या मला कुणी त्या फितींसाठी स्टेजवर बोलावलं असतं तर मी शाळेत पुन्हा पाऊल टाकलं नसतं. हे त्यांना सांगितलं नाही. विचार करून कळवतो म्हणाले. बघू.

आत्या, तुला पुन्हा शब्द देते, आणि या वेळी माझ्या तोंडावर विसंबून देत नाही. आज दिवसभर बसून मी सॉफ्टवेअर असं करते आहे, की टिंब एका वेळी एकाच लेकराचं दिसेल, तेही माप घेणाऱ्या हातालाच. सगळ्यांची यादी कुणालाही निघणार नाही. मी मागितली तरी.

तुझी,
पाचवी ते दहावी टिंबवाली
सुषी