आईच्या जोडव्यासाठी वायर

आबा, सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय, म्हणून आता बांधावर बसून लिहितेय. पवनानगरचं आपलं खाचर पर्यटकांसाठी तंबू ठोकणाऱ्यांना विकलं. उद्या भरावाचे डंपर येणार. आईनं एकच घोशा लावलाय, त्याआधी जोडवं शोध. लावणीच्या चिखलात तिच्या पायातनं निसटलेलं ते. तुम्ही पायाच्या बोटांनी चिखल चाचपत फिरला होतात, मला आठवतं. तुम्ही गेलात तेव्हा तिनं दुसरं काढलं आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं. "एकलं पडलंय त्ये," म्हणते.

मग कंपनीतून सुटल्यावर तळेगावच्या खोलीत धातू शोधायचं मशीन जुळवायला बसले. जमिनीवरून फिरवायची तारेची चकती दांड्याच्या तळाशी, वाजणारा डबा वर हाताशी, मधे वायर. सगळं अडलं या वायरीवर. घरात पडलेली डिशची वायर लावून पाहिली. आत एकच जाड तार, ताठ. दांडा हलवला की ती हिसके देई आणि मशीन उगाच कोकलायचं. दुसरी आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, वायर ती वायर, काय फरक पडतो?" असा संताप आला! तुम्ही भाड्यानं स्पीकर लावलेल्या एका लग्नाच्या मांडवात माझ्या हातातला तुमचा माइक खडखडला होता आणि मी वायर बदलायला धावले, तो दिवस आठवला. सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडलात, "वायरीला नावं ठिवू नगं, आदी आपला हात बग!" माझ्याच बांगड्या माइकवर आपटत होत्या. तेव्हा रडू आलं होतं, आज हसू येतं.

शेवटी हवी तशी मिळाली. आत बारीक तारांचा पीळ, वर तांब्याची विणलेली जाळी, बाहेरचा गोंगाट आत शिरू न देणारी, आणि हवी तशी वळणारी. दांड्याला घट्ट गुंडाळली, लोंबायला जागाच ठेवली नाही. डब्याकडे तुमच्या स्पीकरच्या सामानाच्या पेटीतली, फिरवून आवळायची आट्यांची माइकची पिन बसवली. चकतीकडे मात्र प्लॅस्टिकचं बूच, कारण तिथं धातू आला की मशीन त्यालाच ओरडत बसतं.

आज सकाळपासून नुसती पर्यटकांच्या बाटल्यांची झाकणं. कंटाळून बांधावर टेकले, चकती मांडीवर घेऊन जोड तपासायला लागले, तर मशीन किंचाळलं. वायर हलवली, किंचाळलं. पिन सोडून परत आवळली, तरी तेच. तुम्हाला, तुमच्या पिनेला, दुकानदाराला, सगळ्यांना शिव्या दिल्या. आंब्याखालून आई हाका मारतेय, "वाजलं नव्हं? घावलं का गं?"

"न्हाई गं, वायर खराब हाये," मी ओरडले.

आबा, वायर चांगली आहे. तळेगावच्या सोनाराकडून तसंच एक जोडवं घडवून घेतलंय मी. नाहीच सापडलं तर मातीत लोळवून तिच्या हातावर ठेवणार होते. ते कुर्त्याच्या खिशात होतं, चकतीला टेकून. तुम्ही असता तर आधी माझा हात बघितला असतात. अजून अर्धं खाचर राहिलंय, ऊन कलायच्या आत उठायला हवं. खिसा मात्र अजून रिकामा केलेला नाही.