देवमनचं नाव जपानीत

१५ एप्रिल १९७४
काल जयंतीच्या सभेत ठरलं. बुद्धपौर्णिमेला आसेगावच्या नव्या विहारात जपानचे भंते येणार. अध्यक्ष शेषराव म्हणाले, वर्गणी देणाऱ्यांची नावं भिंतीवर लिहू. मी उठून म्हणालो, जपानीत लिहू, म्हणजे भंते स्वतः वाचतील. टाळ्या. शेषरावांनी विचारलं, तुले जपानी येते काय, जगदेव? मी नुसता हसलो. आर्टिस्टने सगळं बोलून दाखवू नये.

१८ एप्रिल
मंगरूळपीरहून, रेडिओवाल्या फुलसिंगकडून, जपानी ट्रान्झिस्टरचं माहितीपत्रक आणलं. चार पानं. भरपूर झाली. निश्चय: रोज पहाटे उठून वीस अक्षरं.

१९ एप्रिल
उठलो नाही. जपानची वेळ आपल्या पुढे असल्याने गोंधळ.

२१ एप्रिल, दुपारी
सिस्टीम सापडली! दरवाजासारखं दिसतं तो द. वखरासारखं तो व. मडक्यासारखं म, नांगरासारखं न. काना-मात्रा जपानी देत नसावेत. काटकसरी लोक. पंचफुलाने विचारलं, हे तुमाले कोनं सांगतलं? म्हटलं, निरीक्षण. बायकोला कलेतलं कळत नाही.

२४ एप्रिल
भागिरथामाय माझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात आली. विहाराच्या पायाचे दगड तिच्या नवऱ्याने, देवमनने, दोन वर्षं स्वतःच्या बैलगाडीतून वाहिले. पोळ्यानंतर वारला. वर्गणी दिली नव्हती, म्हणून यादीत नाव नाही. म्हणाली, मले त वाचता येत नाही रे बाबू, पन भंतेच्या तोंडून त्याचं नाव एकदा आयकाचं हाय. लिवशीन काय? मी शब्द दिला. ती गेल्यावर यादीत शेवटी देवमनचं नाव घातलं.

३० एप्रिल
यादीतली अकरा नावं झाली, देवमनचं धरून. जपानी अक्षरं जरा बोडकी वाटतात, म्हणून प्रत्येकावर शिरोरेषा ओढली. एकदम उठाव आला. शेवटी माझं नाव, सर्वांत मोठं. डिझाइनला बॅलन्स लागतो.

४ मे
कोणतं चित्र कशाचं, ते लिहिलेला कागद पंचफुलाने चुलीत घातला. हरकत नाही, तोंडपाठ आहे. वखर आणि नांगर यांत थोडी गडबड होते, तेवढीच. उद्या बघू.

६ मे, बुद्धपौर्णिमा
भंते आले. भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. दर्दी माणूस. मग दुभाष्याकडून विचारलं, ही लिपी कोणती?
सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, मोडी.
भंतेंनी हात जोडले. म्हणाले, फार सुंदर, वाचून दाखवा. मी वाचली. सगळी नावं, यादीच्या क्रमाने, शेवटी देवमन. माझं वगळलं. भागिरथामाय डोक्यावरचा पदर धरून भंतेंच्या तोंडाकडेच बघत होती. नंतर मला म्हणाली, तुह्या तोंडून त मी दुकानातच आयकलं असतं.
जेवलो नाही. लाज वाटली. (खीर थोडी घेतली.)

७ मे, सकाळी
शेषरावांनी चुन्याची बादली पाठवली. अर्धी भिंत पुसून झाली तेव्हा भागिरथामाय आली. विचारलं, याच्यातलं त्याचं कोनतं? मला नक्की सांगता येईना. तिने शेवटच्या, सर्वांत मोठ्या नावावर बोट ठेवलं. हेच नं? एवढं मोठं लिवलं तू? हे पुसू नोको.
मी हो म्हणालो.
त्याच्याखाली मराठीत लिहिलं: देवमन. दगड याने वाहिले. भंते निघतच होते. दुभाष्याने त्यांना ते वाचून सांगितलं. भंते भिंतीजवळ आले, वाकले आणि मोठ्याने म्हणाले, देबुमान.
भागिरथामाय तिथेच खाली बसून रडली. मग सगळ्यांनी त्या मोठ्या अक्षरांना हात जोडले. मीही जोडले. उरलेल्या भिंतीला दुसरा हात मारायचा आहे.