दोन काचपेट्या आणि मोज्यांचा एक जोड

सर्वप्रथम तक्रार. या घरात गोंदाच्या बाटलीला झाकण लावण्याची पद्धत नाही. तीस वर्षे सांगतो आहे. आता निदान कायदेशीर कागदावर तरी नोंद राहावी.

ही तक्रार नोंदवून मी, वय सत्तावन्न, व्यवसाय बातमीदारी, शिक्षण संस्कृत पाठशाळेतले आणि म्हणून निरुपयोगी, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. बायको शेजारच्या खोलीत आहे, ते दडपणात धरू नये.

१. राहते घर आणि बँकेत उरेल ते बायकोचे. घर तिने सांभाळले, मी त्यात राहिलो.

२. करवत, रंधा व पटाशा थोरल्या मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. मेहुण्याने नेलेले ड्रिल मेहुण्याकडेच राहू द्यावे. नऊ वर्षांत परत आलेले नाही, तेव्हा त्याचा जीव जडला असावा.

३. दिवाणखान्यातली डावीकडची काचपेटी थोरलीला. थोरली जन्मली तेव्हा मी कचेरीत टेबलावर काम करी आणि संध्याकाळी घरी असे. मोडीत निघालेल्या टेबलाची सागवानी फळी, अकरा रविवार, आत निळी मखमल, पुढे सरकती काच. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जोडले, एकही खिळा नाही. आत इस्पितळातली मनगटपट्टी, शाईत उमटवलेला तळपाय, पहिला दात आणि पिवळा मोजा. मोज्याखाली मी 'प्रथम पादकोश' अशी चिठ्ठी लावली होती. बायको म्हणाली, "मोजा म्हणा की सरळ. लोकांना वाटेल, औषध आहे." चिठ्ठी बदलली. पेटीला मात्र आजवर कोणी नावे ठेवलेली नाहीत. ठेवली असती तर त्याला पुन्हा बोलावले नसते.

४. उजवीकडची काचपेटी धाकटीला. कारागिरीत ही डावीपेक्षा सरस आहे. सांध्यात नख जात नाही, पाहिजे तर घालून बघावे. धाकटी सात वर्षांची असताना पहिल्या पेटीपुढे उभी राहून म्हणाली, "ही ताईची. माझी कुठंय?"

मी म्हणालो, "करायला घेतलीय."

घेतली नव्हती. तिच्या जन्माच्या वर्षी मी बातम्यांमागे गावोगाव हिंडत होतो. तिचे कपडे पुढे कोणाकोणाला गेले, बाकीचे घर बदलताना हरवले. सगळी कपाटे उपसली, पण केवळ धाकटीचे म्हणावे असे काही निघाले नाही. मग मी नव्या पेटीत थोरलीचा दुसरा मोजा, थोरलीचाच दुसरा दात आणि दोघींनी वापरलेले एक झबले लावले. झबल्यापुरते मी अर्धे खरे बोललो. चौतीस वर्षांत खात्री केल्यावाचून एकही बातमी दिली नाही. खोटी तेवढी स्वतःच्या भिंतीवर टांगली.

थोरलीने एकदा विचारले, "बाबा, दोघींचे मोजे सारखेच कसे?"

"दुकान एकच होतं."

तिने माझ्याकडे पाहिले आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मला दोन्ही पेट्यांचा अभिमान आहे. तिच्या त्या गप्प बसण्याचा जास्त.

हे कलम माझ्या पश्चात धाकटीला वाचून दाखवावे.

साक्षीदार पहिला, कोपऱ्यावरचा सुतार: "कोपरे ह्यांनीच जोडले, माझ्यासमोर. डाव्या पेटीचा तिसरा सोडून." (सही)

साक्षीदार दुसरा, आमच्या वृत्तपत्रातला निवृत्त मुद्रितशोधक: "मजकूर वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या. तिसरी चूक माझ्या अखत्यारीत नाही." (सही)

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार

सह्यांनंतर जोडलेले, साक्षीदार चहा पीत असताना:

मुद्रितशोधक म्हणतो, "दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापतात रे. बातमीदार मेल्यावर नाही."

धाकटीला सातवा महिना आहे. पुढच्या आठवड्यात ती पेटी न्यायला येते आहे. काल फोनवर म्हणाली, "बाळ झालं की मोजा त्याच्या पायाशी धरून बघणार. बाबा, मी केवढी होते हो?"

मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. ती समोर बसून हेच विचारील आणि मी पुन्हा काहीतरी रचून सांगेन, याची मला काळजी वाटते.