जुनं चाक आणि काळ्या पट्ट्याचा गोटा

मोटारीचं चाक दौलतरावनं बदललं नाही, आणि बोल मात्र पंचफुलेले लागला. हे आधी लिहिते. रामराम मागून.

मी मनकर्णाबाई, जगदेवाची विधवा, राहणार रिठद, वय सत्तरीच्या पुढं. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. कोणाच्या धाकानं लिहीत नाही. मले धाक घालणारा अजून जन्माले यायचा आहे. राजीखुशीनं हे मृत्युपत्र करून ठेवते.

मोटार माझं स्त्रीधन. अंगावरचं सोनं मोडून ती जुनी मोटार मी धाकट्या लेकाले, इंद्रभानले, घेऊन दिली. त्यानं मागची बैठक कापून फळ्यांचा पेटारा बसवला. वांगी, मिरच्या, माणसं बाजारोबाजार नेऊ लागला. ओझं वाढलं तसा क्लच घसरे, जळक्या कातड्याचा वास सुटे. प्रेमसिंग मिस्तरी म्हणला, "माय, क्लच नवा टाकतो, पण तो ज्याले चिकटते ते इंजिनामागचं चाकही बदला. जळून निळं पडलं ते, तडकलं." मले पटलं. जात्याचा वरचा दगड नवा आणि खालचा गुळगुळीत, तर दाणे नुसते फिरतात. पण कारभार थोरल्या दौलतरावकडं. तो मिस्तरीले म्हणला, "लोखंड का सडते का? राहू दे चाक." आणि भावाले सांगितलं, दोन्ही बदललं.

केनवडच्या वाटेवर चढाले भरली मोटार मागं सरकू लागली. इंजिन बोंबलते, मोटार उतरते. इंद्रभान ओरडला, "गोटा लाव वं!" त्याची बायको पंचफुला गोटा घेऊन खाली उडाली. तिनं गोटा चाकामागं लावला. मोटार गोट्यावर चढून मागं नालीत पडली, इंद्रभान तिच्याखाली.

दौलतरावनं गावभर केलं, "बायकोनं गोटा लावला असता तर भाऊ वाचला असता." तो गोटा मी पंचांपुढं नेऊन ठेवला. त्यावर टायराचा काळा पट्टा उमटला आहे. प्रेमसिंगनं इंजिन उघडून दाखवलं, आत तेच निळं चाक. पंच म्हणले, बाईमाणसाचं आणि मिस्तरीचं काय धरायचं. धरू नका. मी लिहून ठेवते.

मोटार छपरात उभी आहे. इंजिन कवाच काढलं, तरी दिवेलागणीले जळक्या कातड्याचा वास येते. मग हाक येते, "गोटा लाव वं!" मरणाच्या दारात बसून मी खोटं कायले लिहू? पहिल्या हाकेले ओ देऊ नये, ओ देणाऱ्याले मेलेला संगं नेते, तिसरीची वाट पाहावी, हे लेकरालेही ठाऊक. पण पंचफुला पहिल्याच हाकेले "आली, आली" म्हणत हातात गोटा घेऊन धावते. मी तिचा पदर धरून बसते. माझ्यामागं कोण धरणार?

म्हणून, माझ्या नावची खोली, दुभती म्हैस आणि जातं पंचफुलेचं. तिले कोणी घराबाहेर काढू नये. मोटारही तिची. फळ्या काढून चूल पेटवावी, रडत बसू नये.

नणंद हौसाबाईले तांब्याचा हंडा. माझ्या लग्नापासून तिचा डोळा त्यावर आहे. बुडाले भोक आहे, ते आता तिले कळेल.

जुनं चाक दौलतरावले. उंबऱ्यापाशी अर्धं पुरावं, अर्धं वर ठेवावं, येता-जाता ठेच लागावी. नातवंडांचा यात दोष नाही. त्यांनी बाजूनं जावं.

सही, मनकर्णाबाई. हात माझाच.
साक्षीदार: उकंडराव, किसनसिंग. दोघांनी मले लिहिताना पाहिलं. मधे बोलू मी दिलं नाही.
मु. रिठद, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६३.

सहीखाली एक राहिलं. गोटाही दौलतरावले. त्यानं तो उशाशी ठेवावा, काळा पट्टा वर करून. हाक आली की पंचफुलेनं ओ द्यायची नाही. दौलतरावनं उठावं, गोटा उचलावा, आणि पहिल्याच हाकेले ओ त्यानं द्यावी.