पोट आत ओढून

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इथे सगळं व्यवस्थित. कॅन्सर बरा होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलंय. आता फक्त दुखणं आटोक्यात ठेवायचं, आणि ते त्यांना छान जमतं. दर सोमवारी नर्सबाई एक कागद आणतात. उदास वाटतं का, कशात रस वाटेनासा झालाय का, असं विचारतात. मी सगळ्याला नाही म्हणते. पस्तीस वर्षं पेपर तपासलेत, मार्क कुठे मिळतात ते मला कळतं! शिवाय लेक शेजारीच असते, तिच्यासमोर दुसरं काय सांगणार?

तू माझ्यासाठी गाऊन शिवतोयस म्हणे. कशाला उगीच? शिवलासच तर रंग कुठलाही चालेल.

आहे तशीच माया ठेव.
ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. कुठलाही रंग चालेल? तुला? माझ्या लग्नात तुझ्या ब्लाउजचं अस्तर जरासं फिकं निघालं, तर अख्खं उसवायला लावलंस. नवरदेव मशीनवर आणि पाहुणे ताटकळलेले!

चाळीस वर्षं मापं घेतोय. टेप लावला की निम्मी गिऱ्हाइकं पोट आत ओढतात. मला ते कळतं, मी थोडं सैल धरतो. त्या नर्सबाईंना तुझी लबाडी कशी कळावी? आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा आजारात मन खचायचंच, असं धरून लोक गप्प बसतात. पण त्यावरही उपचार असतात, सांगितलं तर. सोमवारी भाचीला चहाला पाठव आणि खरं सांग. मला फार भीती वाटते गं. तुझ्याशिवाय मला रागावणारं कोण आहे?

कापड अजून कापलेलं नाही. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद आणि एक धपाटा.

मला शहाणपण शिकवतोस होय रे? पण ऐकलं तुझं. पहिल्याच प्रश्नाला हो म्हटलं आणि असं रडू फुटलं की कागद भिजला. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडायचे, सकाळ होऊच नये वाटायचं, सगळं सांगितलं. नर्सबाई खुर्ची ओढून बसल्या, उठल्याच नाहीत. आता एक गोळी सुरू आहे, आणि दिवसाआड एक बाई बोलायला येतात. लेकीलाही सांगितलं. तर तीसुद्धा रोज बाहेर रडून, तोंड धुऊन, हसत आत यायची म्हणे! मायलेकी दोघीही पोट आत ओढून.

चमत्कार काही झालेला नाही. पण काल इथला पडदा कळकट आहे, असं मी ठणकावून सांगितलं.

गाऊन डाळिंबी हवा, फिका चालणार नाही. खिशात चष्मा मावला पाहिजे. जुनी मापं धरू नकोस, मी निम्मी झालेय. टेप घेऊन स्वतः ये, आणि लवकर ये. या वेळी खरं माप देईन.

वाट बघणारी,
ताई